सांगलीहून परतताना: 23 किलोंची तयारी

डिसेंबरात सुट्टीवर घरी आलेला माणूस परतीची बॅग बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री भरतो आणि तिथेच सगळे बिघडते, कारण न्यायच्या पदार्थांपैकी काहींना तीन आठवडे आधी सुरुवात करावी लागते आणि काही निघण्याच्या दिवशी सकाळीच तयार व्हावे लागतात. गेली अकरा वर्षे मी जर्मनीतून सांगलीला ये-जा करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की यादी पदार्थांच्या नव्हे तर दिवसांच्या क्रमाने करावी. तिच्यात कोणता पदार्थ घ्यावा याची कसोटीही मी आता एकच ठेवली आहे: जो तिकडच्या भारतीय दुकानात मिळत नाही, किंवा मिळतो पण आपला वाटत नाही, तेवढाच घ्यावा. तूरडाळ, मोहरी, हिंग, पोहे आणि गूळ या कसोटीला उतरत नाहीत, म्हणून आईने काढून ठेवलेल्या पिशव्या तिला वाईट वाटू न देता पुन्हा फडताळात ठेवण्याचे काम पहिल्याच दिवशी उरकावे.

त्यानंतर हिशेब मांडावा. माझ्या तिकिटावर 23 किलोंची एकच बॅग चालते. रिकाम्या बॅगेचे साडेतीन किलो, घरच्या काट्यातला फरक गृहीत धरून सोडायचा एक किलो आणि कपडे-पुस्तकांचे साडेसहा किलो वजा केले की खाण्यासाठी बारा किलो उरतात. त्यातले चार किलो ज्वारीच्या पिठाला, तीन चटणीला, प्रत्येकी एक किलो बेदाणे, हुलग्याचे पीठ, मध आणि भडंग यांना व अर्धा-अर्धा किलो हळद आणि मेतकुटाला, अशी वाटणी मी करतो. हा कागद फडताळाच्या दारावर चिकटवून ठेवला, की शेवटच्या दिवशी येणाऱ्या काकूंच्या लाडवांना नाही म्हणणे थोडे सोपे जाते.

पहिला आठवडा चटणीचा. आमच्याकडे चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायचा पदार्थ नव्हे, तर भाजीआमटीत पडणारे कांदा-लसणाचे तिखट. ते एरवी उन्हाळ्यात वर्षाचे करून ठेवतात, त्यामुळे डिसेंबरात घरातल्या बरणीत तळ दिसू लागलेला असतो आणि तीन किलो काढून दिल्यावर घरच्यांना उन्हाळ्यापर्यंत काय, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून माझ्यापुरती वेगळी करून घेणे बरे. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची आणावी, देठ काढून दोन दिवस उन्हात तापवावी, कांदा उभा चिरून वाळवावा आणि मग तेलात लालसर तळावा. धणे, तीळ, सुके खोबरे, खसखस आणि खडा मसाला वेगवेगळा भाजून घ्यावा, कारण प्रत्येकाला लागणारी आच निराळी असते, आणि हे सगळे कांडपावर नेऊन कुटून आणावे. कांदा आत ओला राहिला तर चटणीला बुरशी येते आणि ते परदेशात पोहोचल्यावर महिन्याने कळते. डिसेंबरातले ऊन कोवळे असल्यामुळे या कामाला आठवडा हवाच, दोन दिवसांत ते होत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून तपासावी. माझी बहीण दुबईला असते आणि तिच्या वाट्याची चटणी आम्ही खसखस न घालता करतो, कारण संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरातही खसखशीला बंदी आहे. आपल्याकडे तिळाशेजारी डब्यात असलेली वस्तू तिकडच्या कायद्याने अमली पदार्थांच्या रांगेत बसते, हे घरातल्या मोठ्या माणसांना पटवायला वेळ लागतो. सुक्या खोबऱ्याचा नियम तर आपल्याच विमानतळावर आडवा येतो. त्यातल्या तेलामुळे ते साठ्यात आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून खोबऱ्याच्या वाट्या सामानातून काढून ठेवायला लावतात. तिकडे लागणारे खोबरे चटणीत कुटले जाईल तेवढेच, असे समजून चालावे.

दुसऱ्या आठवड्यात बाजार. सांगलीच्या हळदीला 2018 साली आणि बेदाण्याला त्याच्या दोन वर्षे आधी भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून या दोन वस्तू लोक हौसेने भेट म्हणून नेतात, पण घेताना हंगाम ध्यानात ठेवावा. बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत मिळणारा माल गेल्या हंगामातला, शीतगृहात ठेवलेला असतो. तो वाईट नसतो, परंतु दुकानाबाहेर उघड्यावर पडून राहिलेला असेल तर चिकट होतो, म्हणून मूठभर हातात दाबून दाणे सुटे होतात का, हे पाहावे. हळदीचेही तसेच आहे. नवी हळद काढून, शिजवून, वाळवून आणि पॉलिश होऊन बाजारात यायला फेब्रुवारी उजाडतो. पूर्वी ही हळद हरिपूरच्या जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये वर्षानुवर्षे टिकत असे. 2005 च्या महापुराने त्यातली कितीतरी पेवे निकामी केली आणि साठवण गोदामांकडे वळली. मी हळकुंडे घेऊन घराजवळच्या गिरणीत दळून आणतो. दळणाआधी गिरणीवाल्याला अर्धा किलो गहू फिरवायला सांगावे, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाचे तिखट आपल्या हळदीत उतरते.

भडंगाची अडचण वजनाची नसून जागेची असते. एक किलो भडंग निम्मी बॅग अडवते आणि वर कपडे ठेवले की चिरमुऱ्यांचा चुरा होतो. मी दोन वर्षे ते हट्टाने नेले. आता फक्त अर्धा किलो भडंग आणि उरलेल्या अर्ध्या किलोत तळलेला लसूण, शेंगदाणे आणि मसाला असे नेतो आणि चिरमुरे तिकडच्या दुकानातून घेतो. ते चिरमुरे जाड आणि थोडे वातड असतात, मंद आचेवर परतून घेतले तर चालतात. चालतात एवढेच, भडंग होत नाही.

दुधाच्या पदार्थांबाबत मन घट्ट करावे. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशाला मांस आणि दूध यांचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत आणि ब्रिटनमध्येही तसाच नियम आहे, त्यामुळे साजूक तूप, खवा आणि साताऱ्याहून मामांनी पाठवलेले कंदी पेढे बॅगेत बसत असले तरी यादीत बसत नाहीत. पेढे इथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर खाऊन संपवावेत. मधाला मात्र माणशी दोन किलोंपर्यंत मुभा आहे, म्हणून महाबळेश्वरचा मध मी दरवर्षी नेतो, मात्र काचेच्या नव्हे तर फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत. ताज्या भाजीपाल्याचे आणि फळांचे नियम 14 डिसेंबर 2019 पासून आणखी कडक झाले. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर सोडले तर बाकी ताज्या वनस्पतिमालासोबत रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. अंगणातल्या कढीपत्त्याची पिशवी त्यात अडकते, तेव्हा तो तळून भडंगाच्या मसाल्यातच घालावा. अखंड हुलगेही मी नेत नाही. भाजून दळून नेले की बियाण्याचा प्रश्न उरत नाही आणि थंडीत माडगे करायला पीठ हाताशी असते.

तिसऱ्या आठवड्यात डबे आणि पिशव्या गोळा कराव्यात. पहिल्या वर्षी मी कैरीचे लोणचे काचेच्या बरणीत, टॉवेलमध्ये गुंडाळून नेले होते. फ्रँकफुर्टला पट्ट्यावरून बॅग आली तेव्हाच वासाने कळले आणि कार्यालयात घालायचे दोन शर्ट पुढे घर पुसायला गेले. तेव्हापासून लोणचे यादीतून गेले. चटणीसाठी जाड पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी आणि मग पत्र्याचा नव्हे तर प्लास्टिकचा डबा, असे तीन थर करावेत, कारण चटणीतले तेल पहिल्या पिशवीतून हमखास पाझरते. प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव आणि त्यातले घटक इंग्रजीत लिहावेत. जकात अधिकाऱ्याला मेतकूट समजावून सांगायला उभे राहणे कंटाळवाणे असते, चिठ्ठी असली की तो वाचतो आणि पुढे जायला सांगतो. कोणतीही पूड हातातल्या बॅगेत ठेवू नये. अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर हे विशेष पाळावे, कारण तिकडच्या विमानांत साडेतीनशे मिलिलीटरपेक्षा जास्त पूड हातात असली की ती वेगळी तपासली जाते.

या यादीला एक उलटी बाजूही आहे. येताना मी पंपरनिकेल नावाचा, राय या धान्याचा काळा पाव आणतो. निदान सोळा तास मंद भट्टीत भाजलेला हा पाव बंद पाकिटात महिनोन्महिने टिकतो आणि सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात मला त्याची आठवण होतेच. वडिलांनी त्याचा एक तुकडा शेंगांच्या चटणीबरोबर खाऊन ‘नाचणीची शिळी भाकरी’ असा निकाल दिला, तरी पाकीट संपायला वेळ लागत नाही.

शेवटचे काम ज्वारीच्या पिठाचे आणि ते निघण्याच्या दिवशी सकाळीच करावे. जत किंवा आटपाडीकडची मालदांडी शाळू आधी निवडून ठेवावी आणि दळण सकाळी नऊला गिरणीत टाकावे, कारण ज्वारीचे पीठ जुने झाले की विरी जाते आणि मग भाकरी थापता थापता तुटते. गिरणीतून आलेले गरम पीठ लगेच पिशवीत बांधले तर आत घाम येतो, म्हणून दुपारपर्यंत ते परातीत पसरून ठेवावे, निवल्यावर दोन-दोन किलोंच्या पिशव्या कराव्यात आणि मगच बॅग काट्याला टांगावी. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस गाठायची असेल तर संध्याकाळी पाचनंतर बॅग उघडायची नाही, असे घरात सगळ्यांना सांगून ठेवावे.

तिकडे पोहोचल्यावर कपडे नंतर काढावेत. आधी पिठाच्या पिशव्या फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, चटणी कोरड्या बरणीत दाबून भरावी आणि झाकण लावण्यापूर्वी वर हिंगाचा खडा ठेवावा.