मैदानावर ट्रॅक आखताय? फक्की मारायच्या आधी या चुका टाळा

स्पर्धा उद्यावर आली की संध्याकाळी पाचला फक्कीची पोती उघडायची आणि अंधार पडेपर्यंत चारशेचा ट्रॅक उरकायचा, आपल्याकडे हे नेहमीचंच. मग दुसऱ्या दिवशी कुणाचे तरी पालक भांडायला येतात की आमचा पोरगा बाकीच्यांपेक्षा जास्त पळाला, आणि खरं सांगू का, बऱ्याचदा ते बरोबर असतात.

सगळ्यात जास्त घोळ आतल्या रेषेचा. आकडे सगळ्या सरांना पाठ असतात, त्रिज्या 36.50 मीटर, सरळ भाग 84.39. पण हे आकडे आतल्या कडेला कर्ब, म्हणजे जमिनीपासून उंच पक्की कड, असलेल्या ट्रॅकचे आहेत, तिथे पहिल्या लेनचं अंतर कर्बपासून 30 सेंमी बाहेर मोजतात कारण कर्बला पाय लागू नये म्हणून पळणारा जरा लांबूनच जातो. आपल्या मातीच्या मैदानावर कर्ब कुठला, नुसती फक्कीची रेष, आणि नुसती रेष असेल तर मोजायचं 20 सेंमीवर. म्हणजे 36.50 ला रेष मारली की पहिल्या लेनवाल्याला एका फेरीत 63 सेंमी फुकट! त्रिज्या 36.60 घ्या, विषय संपला.

संपला म्हणजे, स्टॅगरही, म्हणजे बाहेरच्या लेनवाल्याला सुरुवातीला जेवढं पुढे उभं करतात ते अंतरही, बदलायचा हं. दुसऱ्या लेनचे 7.04 मीटर हेही कर्बवाल्या ट्रॅकचंच गणित. 36.60 घेऊन 7.04 तसंच ठेवलंत तर आता उलटं होतं, दुसरी ते आठवी सगळे 63 सेंमी जास्त पळतात. कर्ब नसेल तर दर लेनला सरळ 7.67 (नेमकं 7.665) वाढवत जा, आठवी लेन 53.66 वर येते. आणि हे अंतर त्या त्या लेनच्या आतल्या रेषेपासून 20 सेंमी बाहेर, वळणावरून टेप फिरवत मोजायचं, दोन टोकांत टेप सरळ ताणून नाही.

शाळेचं मैदान छोटं असतं, 200 चाच ट्रॅक बसतो, मग काही जण स्टॅगरही निम्मा करून टाकतात. अहो, स्टॅगर ट्रॅक केवढा आहे त्यावर ठरत नाही, लेनची रुंदी आणि वळणं किती यावर ठरतो! 1.22 ची लेन असेल तर एका वळणाला 3.83. चारशेच्या ट्रॅकवर 200 मीटर म्हणजे एक वळण, दोनशेच्या ट्रॅकवर 200 म्हणजे दोन, आणि तिथेच 400 मीटर पूर्ण लेनमधून पळवणार असाल तर चार वळणं, म्हणजे दर लेनला 15.33. वळणं मोजा फक्त, तक्ता शोधत बसायची गरज नाही. आणि त्या 1.22 मध्ये बाहेरची 5 सेंमीची रेष धरलेली असते, ती वेगळी मिळवू नका.

सुतळीने त्रिज्या फिरवू नका, ओढली की लांबते, दव पडलं की अजूनच वेगळं, स्टीलची टेप किंवा तार घ्या. वळणं मारायच्या आधी दोन सरळ भागांमधल्या आयताचे दोन्ही कर्ण मोजा, 36.60 च्या ट्रॅकला 111.71 यायला पाहिजेत, दोन्हीत फरक आला तर खुंट्या परत ठोका. कंटाळा येतो, माहितीये.

रिलेत अजून कुठे कुठे बॅटन बदलायचा 20 मीटरचाच झोन आणि मागे 10 मीटर धावायला अशी जुनी आखणी दिसते. 4×100 ला आता सलग 30 मीटरचा झोन असतो. 4×400 ला मात्र 20 च.

गोळाफेकीचा सेक्टर, म्हणजे गोळा ज्या दोन रेषांत पडायला हवा तो भाग, कोनमापकाने काढू नका राव, लांब गेलं की थोडी चूकही मोठी होते. पूर्वी 40 अंश होता, आता 34.92 आहे, आणि त्याची सोपी युक्ती म्हणजे वर्तुळाच्या मध्यापासून दोन्हीकडे 20 मीटर टेप ताणा आणि त्या दोन टोकांत बरोबर 12 मीटर ठेवा. भाल्याला 40 मीटर टेप ताणून टोकांत 20 मीटर, पण तिथे टेप फेकायच्या कमानीवर धरायची नाही, कमानीच्या केंद्रावर, म्हणजे 8 मीटर मागे. हे विसरलात तर सेक्टरच पुढे सरकतो, आणि मग बाजूला पडलेला चांगला भाला फाऊल देऊन पंच पोरांच्या शिव्या खातात.