स्ट्राँगरूम बांधताना: सहा बाजू, एक दार आणि राहून गेलेली भोके

शस्त्रे, गोपनीय कागदपत्रे किंवा मतदान यंत्रे ठेवायची खोली बांधताना पहिला प्रश्न भिंतीच्या जाडीचा नसतो. पुरेसा वेळ आणि योग्य हत्यार मिळाले तर कोणतीही भिंत फुटते. ती फोडायला लागणारा वेळ पहारेकरी पोहोचायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त असावा आणि प्रयत्न झाल्याची खूण मागे राहावी, एवढेच खोलीने साधायचे असते. म्हणून आराखड्याला हात घालण्यापूर्वी, धोक्याची घंटा वाजल्यापासून पहारा दारापर्यंत यायला किती मिनिटे लागतात ते एकदा रात्री प्रत्यक्ष मोजून घ्यावे.

जागा निवडताना नाशिकची माती आणि नदी विसरू नये. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले यावरून पूर ओळखणाऱ्या शहरात गोदाकाठच्या इमारतीचे तळघर या कामासाठी मुळीच घेऊ नये. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा, कारण पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी ही माती भिंतीला तडे पाडते आणि तडा गेलेल्या भिंतीवर फोडल्याची नवी खूण ओळखू येत नाही. शक्य तर खोलीची एकही भिंत इमारतीची बाहेरची भिंत नसावी.

भिंत, जमीन आणि छत या सहाही बाजू सारख्याच ताकदीच्या हव्यात. अमेरिकी लष्कराच्या शस्त्रागारांच्या नियमांत ८ इंच जाड काँक्रीट आणि त्यात सुमारे १२ मिलिमीटरच्या सळयांच्या दोन जाळ्या असतात. प्रत्येक जाळीत सळया ९ इंचांवर बांधतात आणि दुसरी जाळी अशी सरकवतात की समोरून साडेचार इंचांची चौकट दिसते. आपल्याकडे संबंधित खात्याचे विनिर्देश अंतिम मानावेत, पण दुसरी जाळी सरकवण्यामागचे कारण, म्हणजे सळयांमधली फट अरुंद राहावी हे, गवंड्याला आणि सळया बांधणाऱ्या फिटरला जरूर समजावून सांगावे, नाहीतर दोन्ही जाळ्या एकामागे एक बांधल्या जातात.

येथील कोरड्या उन्हाळ्यात पाणी मारण्यात हयगय चालत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला १४ दिवस ओलावा मिळाला पाहिजे. उभ्या भिंतीवर पाणी टिकत नाही, म्हणून गोणपाट बांधून ते सतत ओले ठेवावे.

दार एकच ठेवावे आणि ते आयएस १११८८ या स्ट्राँगरूमच्या दारांच्या मानकाप्रमाणे असावे, मात्र चांगले दार घेऊन चौकट नंतर भिंत फोडून बसवली तर सगळा खर्च वाया जातो. चौकटीचे नांगर, म्हणजे भिंतीत रुतणारे लोखंडी पाय, भिंतीच्या सळयांना जोडून, ओळंबा लावून, मगच काँक्रीट ओतावे. बिजागरी बाहेर येत असेल तर तिची खीळ काढता येणार नाही अशी पक्की करावी. दुहेरी कुलपाच्या किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे राहतील, हेही आधीच ठरवावे.

खरी फसगत भोकांत होते. एका कार्यालयातील तयार खोली तपासताना मी शिडीवर चढून फॉल्स सीलिंगची एक फरशी सरकवली, तर विजेरीचा प्रकाश थेट पलीकडच्या बोळात पडला. भिंत स्लॅबपर्यंत गेलीच नव्हती. ती फॉल्स सीलिंगच्या वर वीतभर जाऊन थांबली होती, आणि शेजारी एसीच्या तांब्याच्या नळ्यांसाठी पाडलेल्या भोकात थर्माकोल कोंबलेला होता. खालून पाहणाऱ्याला ती खोली अभेद्य वाटली असती, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून भिंत खऱ्या जमिनीपासून खऱ्या स्लॅबपर्यंत न्यावी आणि वीज, एसी व कॅमेऱ्याच्या वाहिन्यांच्या जागा काँक्रीट ओतण्यापूर्वीच ठरवून ठेवाव्यात. अमेरिकी गोपनीय खोल्यांसाठी ९६ चौरस इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ६२० चौरस सेंटिमीटरपेक्षा, मोठ्या वायुवाहिनीत अर्धा इंच जाडीचे गज ६ इंचांवर वेल्ड करून बसवतात आणि ते तपासायला आतल्या बाजूने झडप ठेवतात. ही झडप आपल्याकडे बहुधा राहून जाते.

काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक भिंतीच्या सळयांची छायाचित्रे मोजपट्टी लावून घ्यावीत, कारण नंतर आत काय आहे हे कोणालाही पाहता येत नाही. खोली ताब्यात देताना आत दिवे मालवून दार लावून पाच मिनिटे उभे राहावे आणि जेथून उजेड येईल तेथे खडूने खूण करावी. नकाशांच्या प्रतींवर क्रमांक घालून त्या ठेकेदाराकडून मोजून परत घ्याव्यात.