एक्झॉस्ट तापमानाचा काटा नाचतोय? आधी वायर तपासा

करूळ घाटातून लोड घेऊन गगनबावड्याकडे चढताना काटा ६५० अंश सेल्सिअसवर, पुढच्या वळणावर एकदम ४०० आणि लगेच परत ६५०. अशा वेळी इंजिनवर संशय घ्यायची घाई नको. एक्झॉस्टमध्ये बसवलेल्या प्रोबचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सळईचं, टोक स्टीलच्या आवरणात बंद असतं, त्याला तापायला आणि निवायला काही सेकंद लागतातच. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर काटा सरकत उतरला तर ते तापमान. क्षणात अडीचशे अंशांची उडी मारली तर ती वायरिंगची भानगड.

बाहेरून बसवलेल्या गेजचा प्रोब बहुधा के-टाइप थर्मोकपल असतो: क्रोमेल आणि अल्युमेल या मिश्रधातूंच्या दोन तारा, टोकाला एकत्र जोडलेल्या; टोक तापलं की त्या किंचित व्होल्टेज देतात. एका अंशाला मिळतात जेमतेम ०.०४ मिलिव्होल्ट, ६०० अंशांवरही २५ च्या आसपास. एवढासा सिग्नल बिघडायला वायरच्या टोकाचा एक सैल लग पुरतो.

सुरुवात गेजपासून करा, कारण हे काम पाच मिनिटांचं आहे. मागून प्रोबच्या दोन्ही वायर काढा आणि ती दोन टर्मिनल तांब्याच्या छोट्या तुकड्याने जोडा. इलेक्ट्रॉनिक गेजने आता केबिनचं तापमान दाखवायला हवं. तसंच ठेवून इंजिन चालू करा. हेडलाइट, वायपर, हॉर्न एकेक करून लावा. काटा हलला तर प्रोब निर्दोष आहे, दोष सप्लायचा किंवा अर्थचा (अर्थिंगचा). गेजचं अर्थ टर्मिनल आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात लोडवर ०.१ व्होल्टहून जास्त दिसलं तर डॅशबोर्डच्या स्क्रूवरची अर्थ काढा आणि वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत न्या. ट्रक २४ व्होल्टचा आणि गेज १२ चा असेल तर मधला कन्व्हर्टरही बदलून बघा. स्वस्तातल्या कन्व्हर्टरचा विद्युत गोंगाट (नॉइज) सिग्नलमध्ये शिरतो.

गेज शांत राहिला की जॉइंटकडे या. बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो. वायर कमी पडली म्हणून कुणीतरी साधी तांब्याची वायर जोडलेली असते. मग इंजिनजवळचा जॉइंट ८० अंशांना आणि गेज ३५ ला असेल, तर काटा ४५ अंश कमी दाखवतो. सकाळी थंड गाडीत आकडा बरोबर आणि तासाभराने कमी, ही त्याची खूण. वाढीव वायरही के-टाइपचीच लागते. ती उलटी जोडली तर चूक दुप्पट होते, म्हणजे या उदाहरणात ९० अंश. आणि प्रोबच गेजला उलटा जोडला असेल तर तापल्यावर काटा खाली जातो. रंगावर डोळे झाकून विसंबू नका. अमेरिकन पद्धतीत पिवळी पॉझिटिव्ह आणि लाल निगेटिव्ह असते, आणि लाल दिसली की पॉझिटिव्हला लावायची सवय इथेच नडते. आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत हिरवी पॉझिटिव्ह, पांढरी निगेटिव्ह. आवरण जळून रंगच ओळखू येत नसेल तर लोहचुंबक लावा: अल्युमेल, म्हणजे निगेटिव्ह तार, त्याला चिकटते. जोड क्रिम्प करून (लग दाबून) घट्ट करा, पिळून टेप गुंडाळू नका, आणि वायर टर्बोपासून लांब बांधा.

प्रोब तपासायचा तर तो काढून टोक उकळत्या पाण्यात धरा, भांड्याला टेकवू नका. कोल्हापुरात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. बाहेर ३० अंश असतील तर मल्टीमीटरच्या २०० मिलिव्होल्ट रेंजवर सुमारे २.८ दिसायला हवेत. आकडा स्थिर झाला की प्रोबच्या मुळाशी वायर हलवा. तिथे तुटलेली तार लगेच उघडी पडते. आवरण तडकलं असेल तर आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल धरते आणि रीडिंग सरकत राहतं. असा प्रोब बदलावाच लागतो.

नवा बसवताना टोक गॅसच्या वाटेत मधोमध यायला हवं. भिंतीजवळ राहिलं तर आकडा कमी येतो. बिडाच्या मॅनिफोल्डला १/८ एनपीटीचे (पाइपच्या निमुळत्या आट्यांचं माप) आटे पाडायचे तर तो उतरवूनच पाडा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम होतं. गाडीवरच भोक पाडलं तर बिडाचा कीस टर्बाइनच्या पात्यांत जातो आणि मग खर्चाचा आकडाच काट्यापेक्षा वर. टर्बोनंतर, सायलेन्सरच्या बाजूला बसवलेला प्रोब लोडवर शंभर-दीडशे अंशांनी किंवा त्याहूनही जास्त फरकाने कमी दाखवतो, त्यामुळे शेजारच्या ट्रकशी तुलना करण्याआधी त्याचा प्रोब कुठे आहे ते विचारा.

बीएस-६ गाडीचे कंपनीचे सेन्सर वेगळे. त्यांतले बरेच प्लॅटिनम रेझिस्टन्सचे असतात, २५ अंशांना सुमारे २२० ओहम. त्यांच्या वायरीतून गेजला फाटा काढू नका.

हे सगळं ठीक असूनही काटा चढावर सावकाश ७०० कडे जात असेल, तर तापमान खरं आहे: एअर फिल्टर (उसाच्या हंगामात शेतवाटांच्या धुळीने तो लवकर भरतो), इंटरकूलरचे होज आणि क्लॅम्प, मग इंजेक्टर, या क्रमाने बघा. सहा सिलिंडरचा मॅनिफोल्ड दोन भागांत विभागलेला असेल तर एक प्रोब तीनच सिलिंडरचं सांगतो; दुसऱ्या भागातला गळका इंजेक्टर त्याला दिसत नाही.