पिंपल्सची क्रीम बदलून बदलून थकलात? या चुका टाळा

माझ्या ड्रॉवरमध्ये एकेकाळी सात ट्यूब होत्या, सातही अर्धवट. एक आणायची, दहा दिवस लावायची, आरशात बघायचं, पिंपल आहे तिथेच, की लगेच पुढची. आता कळतंय की त्यातल्या दोन-तीन तरी बऱ्या होत्या, गंडत होते ती मीच.

आधी एक गोष्ट डोक्यात बसू द्या. आज गालावर जो पिंपल दिसतोय ना तो आज नाही झालेला, तेल आणि मेलेल्या पेशी मिळून ते छिद्र आतून कित्येक आठवडे आधीच बुजलेलं असतं, मग आत जंतू वाढतात, सूज येते आणि तेव्हा कुठे तो आपल्याला दिसतो. म्हणजे आत्ता जी स्किन एकदम साफ दिसतेय तिच्या आतसुद्धा पुढच्या महिन्याचे पिंपल्स तयार होत असतात. म्हणून ॲडापलीनसारखी क्रीम (हे रेटिनॉइड प्रकारातलं, छिद्रं बुजू न देणारं औषध) फक्त पिंपलवर ठिपका देऊन लावली तर उपयोग काय? जो पिंपल वर आला तो आलाच, क्रीम लावायची ती पुढचे येऊ नयेत म्हणून. रात्री, चेहरा पूर्ण सुकल्यावर, वाटाण्याएवढी घ्यायची आणि जिथे जिथे पिंपल्स येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायची, डोळे-ओठांच्या कडा सोडून. फरक पडला की नाही ते ८ ते १२ आठवड्यांनी ठरवायचं, आणि तेही आठवड्याला एक फोटो काढून, कारण रोज आरशात बघून काहीच कळत नाही. सुरुवातीला काही आठवडे पिंपल्स उलट वाढल्यासारखे वाटतात आणि बरेचजण नेमकं तेव्हाच सोडून देतात.

दुसरी चूक म्हणजे टक्क्यांची हाव. बेंझॉइल परॉक्साइड, म्हणजे पिंपल्सचे जंतू मारणारं औषध, २.५ टक्केवालं साधारण १० टक्क्यांइतकंच काम करतं, जास्तीच्या टक्क्यांनी वाढते ती मुख्यतः आग आणि कोरडेपणा. मी अर्थातच १० चं आणलं होतं. गाल सोलून निघाले ते निघालेच, वर निळ्या उशीच्या कव्हरवर माझ्या गालाच्या आकाराचा पांढरट डाग पडला, तो अजून आहे! हे औषध कपड्यांचा रंग उडवतं हो, पांढरा टॉवेल वापरा.

आणि सगळं एकदम सुरू करू नका ना. सकाळी सॅलिसिलिक फेसवॉश, मग व्हिटॅमिन सी, रात्री रेटिनॉइड, मधूनच स्क्रब, त्यात स्किन ऑइली आहे म्हणून मॉइश्चरायझरला सुट्टी. मग एक दिवस साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं, नाकाच्या कडेला पापुद्रे निघतात, चेहरा ताणल्यासारखा होतो आणि विचित्र चमकतो. असं झालं की दोन-तीन आठवडे सगळं बंद, फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. शांत झालं की एकच औषध घ्या, एक दिवसाआड. स्क्रब मात्र कायमचा बंद, घासून पिंपल जात नाही, फक्त चिडतो.

आता सगळ्यात डेंजर प्रकार. कोणीतरी सांगतं अमुक क्रीम लाव, चार दिवसांत चेहरा क्लिअर, आणि खरंच होतो. ट्यूबवर बारीक अक्षरात बघा, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. लालसरपणा पटकन दबतो, पण पुढे कातडी पातळ होते, स्टिरॉइडमुळेच नवे पिंपल्स येतात आणि क्रीम बंद केली की सगळं दुपटीने उसळतं. बरेच दिवस लावत असाल तर मनानेच बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल एकटंच महिनोन्‌महिने लावणंही चूकच, जंतू त्याला सरावतात, म्हणून सोबत बेंझॉइल परॉक्साइड देतात.

तीन महिने नीट लावूनही काहीच नाही? मग मुळात तो पिंपल आहे का ते बघा. कपाळावर एकसारख्या बारीक पुळ्या आणि खाज असेल तर फंगल असू शकतं, त्याची औषधं वेगळी. सपाट तपकिरी डाग म्हणजे पिंपल नाही, तो मागे राहिलेला रंग, तिथे सनस्क्रीन आणि ॲझेलेइक ॲसिड कामाला येतं आणि वेळ लागतो.

आत खोल दुखणाऱ्या गाठी, खड्डे पडायला लागलेत, किंवा हनुवटीवर पिंपल्स आणि पाळीही अनियमित, तर क्रीमच्या मागे न लागता सरळ स्किनच्या डॉक्टरांकडे जा. प्रेग्नंट असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड नको, हे आधीच सांगा. आणि जाताना ड्रॉवरमधल्या सगळ्या ट्यूब पिशवीत भरून न्या, "ती पांढऱ्या झाकणाची क्रीम" एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही, मी सांगून बघितलंय.