ऑप्सिनचा अभ्यास करायचाय? सुरुवात अंधारापासून

माझ्या चुलत्यांचा, अण्णांचा, साताऱ्यात राजवाड्याजवळ फोटो स्टुडिओ होता. डार्करूममध्ये एकच मंद लाल दिवा. उन्हातून आत शिरलं की आधी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. मग हळूहळू ट्रे दिसायचे, दोरीला अडकवलेले फोटो दिसायचे, शेवटी अण्णांचा चेहरा. मध्येच कुणी दार उघडलं तर कागद काळा पडायचा. पुढे एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेऊन मी दृष्टिपटलाकडे, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूच्या उजेड टिपणाऱ्या पडद्याकडे, वळले, तेव्हा त्या खोलीचा जेवढा उपयोग झाला तेवढा माझ्या नोट्सचाही झाला नाही. म्हणून ऑप्सिनच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या प्रथिनाच्या, विषयात येऊ पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं: उजेडाचं नंतर बघा, आधी अंधारात पेशी काय करते ते समजून घ्या.

आपण धरूनच चालतो की उजेड पडला की पेशी जागी होते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या डोळ्यात नेमकं उलटं घडतं. हे माझ्या डोक्यात शिरलं ते वडिलांमुळे. आमच्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे ते रात्री उसाला दारं धरायला जातात. रात्रभर पाणी वाहतं, सकाळी दारं बंद. दृष्टिपटलातल्या दंडाकार पेशीचंही, म्हणजे मंद उजेडात बघणाऱ्या पेशीचं, तसंच. अंधारात तिच्या चॅनेलची दारं उघडी असतात, सोडियम आणि कॅल्शियम आत येत राहतं, पेशीचा विद्युतदाब उणे 40 मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि टोकाकडून ग्लुटामेट, म्हणजे पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन, सतत पाझरत असतं. उजेड पडला की दारं मिटतात, दाब उणे 70 कडे उतरतो, ग्लुटामेट कमी होतं. पुढच्या पेशींना उजेडाची बातमी लागते ती या कमी होण्यावरून. हे एकदा बसलं की पुढचं पाठ करावं लागत नाही.

दारं बंद कोण करतं? तिथे ऑप्सिन येतं. दंडाकार पेशीतलं ऱ्होडॉप्सिन म्हणजे 348 अमिनो आम्लांची साखळी, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार गेलेली. 296व्या जागेवरच्या लायसिनला रेटिनल नावाचा छोटा रेणू जोडलेला असतो, तोही वाकलेला. फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण, आदळला की साधारण 200 फेम्टोसेकंदांत तो सरळ होतो (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग). अख्ख्या दृष्टीत उजेडाचं प्रत्यक्ष काम एवढंच! बाकी सगळं अंधारातलं रसायन: ऑप्सिनचा आकार बदलतो, ते ट्रान्सड्युसिन नावाच्या प्रथिनाला जागं करतं, ते फॉस्फोडायएस्टरेज नावाच्या विकराला, मग दारं उघडी धरून ठेवणारं सायक्लिक जीएमपी घटतं आणि दारं मिटतात. भर उजेडात रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशींत रेटिनल तेच असतं, फक्त भोवतीचं ऑप्सिन वेगळं, म्हणून माणसात तिथे रंगाचे तीन प्रकार मिळतात. एकच रेणू भोवतालच्या प्रथिनामुळे निळ्याला किंवा लालसर उजेडाला दाद देतो, ही गोष्ट मला आजही या विषयातली सगळ्यात सुंदर वाटते. रेटिनल अ जीवनसत्त्वातून बनतं. आई शेवग्याच्या पाल्याच्या भाजीसाठी मागे लागायची त्यामागे रातांधळेपणाची हीच गोष्ट होती.

पुस्तक उघडण्याआधी एक करून बघा. गावाकडे लाईट गेली की गच्चीवर जा आणि मोबाइल खालीच ठेवा. आठ-दहा मिनिटांत शंक्वाकार पेशी सावरतात. दंडाकार पेशींना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास तरी लागतो. मग एखादी अंधुक चांदणी निवडून तिच्याकडे थेट बघा. ती नाहीशी होईल. नजर जराशी बाजूला नेली की परत दिसेल, कारण नजरेच्या ऐन मध्यबिंदूवर दंडाकार पेशी नसतातच.

वाटेबद्दल थोडक्यात. नातेवाईक विचारतात, "म्हणजे डोळ्यांची डॉक्टर होणार का?" रुग्ण तपासायची ओढ असेल तर ऑप्टोमेट्री घ्या, ती वेगळी आणि चांगली वाट आहे. संशोधन करायचं असेल तर बी.एस्सी.ला भौतिक आणि रसायन सोडण्याची घाई करू नका. मी भौतिक सोडलं आणि प्रकाशाच्या तरंगलांबीसाठी पुन्हा बारावीच्या पुस्तकाशी आले. देशातल्या विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, तिच्यासाठी दुसऱ्या वर्षापासून अर्ज करा. एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढे संशोधनाच्या फेलोशिपसाठी नेट-जेआरएफ. इंग्रजीचं ओझं वाटलं तर प्रत्येक यंत्रणा आधी मराठीत कुणाला तरी सांगून बघा. मी अण्णांना सांगायचे. त्यांचा प्रश्न अडला की माझंच समजणं अडलेलं असायचं.

आणि हाताने काम करा. ऱ्होडॉप्सिनचा रंग उजेडात उडतो, तो उडताना बघायला सरांना विचारून आम्ही पहाटे उजाडायच्या आत खाटकाकडून बोकडाचे डोळे काळ्या कापडात गुंडाळलेल्या डब्यातून आणले. पहिल्या वेळी डोळा कापताना मी मोबाइलची बॅटरी जवळ धरून ठेवली, आणि दृष्टिपटल पांढुरकं निघालं. सकाळ वाया गेली. दुसऱ्या वेळी अण्णांचा लाल दिवा लावला. लाल उजेड दंडाकार पेशींना जवळपास कळतच नाही, तसाच तो फोटोच्या कागदालाही कळत नाही. डोळ्याचा मागचा अर्धा भाग कापला, जेलीसारखा गर काढला. दृष्टिपटल कांद्याच्या पापुद्र्याहून नाजूक, सुरकुतलेलं, मज्जातंतू बाहेर पडतो तिथेच काय ते चिकटलेलं. मागे हिरवी-निळी चकाकी असते, रात्री बॅटरीत शेळीचे डोळे चमकतात तीच. तिच्यावर रंग ओळखू येत नाही, म्हणून दृष्टिपटल अलगद सोडवून पांढऱ्या बशीत पाण्यावर तरंगवा. मग मोठा दिवा लावा. जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ बोलने 1876 मध्ये बेडकाच्या डोळ्यात जे पाहिलं ते आमच्या बशीत घडलं: जांभळट गुलाबी छटा, मग पिवळसर, आणि थोड्याच वेळात काहीच नाही. आम्ही चौघी बशीवर वाकून होतो, आणि दिवा बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.