आलं टिकवायचं असेल तर आधी ते धुणं बंद करा

बाजारातून भाजी आली की सगळ्याबरोबर आलंही नळाखाली जातं, मग तसंच ओलं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून फ्रीजमध्ये, आणि आठवड्याभरात पिशवी सोडली की पेरांच्या बेचक्यात बुरशी आणि एक टोक लिबलिबीत. कृपा करून असं करू नका. आल्याला वरून पाणी लागलं की ते सडतं आणि आतलं पाणी उडून गेलं की सुरकुततं, नुसता चोथा उरतो. त्यामुळे जी काही काळजी घ्यायची ती या दोन गोष्टींचीच. माती असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, धुवायचं ते वापरायच्या वेळी, तेवढाच तुकडा.

घेताना जुनं आलं घ्या, म्हणजे जाड सालीचं, टणक, हाताला जड लागणारं. आपल्याकडे सातारा, संभाजीनगर भागात एप्रिल-मेमध्ये लागवड होते आणि आठ-नऊ महिन्यांनी काढणी, म्हणून थंडीत नवं आलं यायला लागतं, त्याची साल नखाने निघते, चवीला छान असतं पण टिकत नाही, ते थोडंच आणा. आणि तुटलेले बारीक तुकडे स्वस्त मिळाले तरी नको, जितक्या जास्त जखमा तितकं लवकर खराब.

चार-पाच दिवसांत संपणार असेल तर कांद्या-बटाट्याच्या टोपलीत हवेशीर राहू द्या, काही होत नाही. पावसाळ्यात मात्र बाहेर ठेवूच नका. फ्रीजमध्ये ठेवताना सालीसकट, कोरडं, टिश्यू पेपर किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळून डब्यात घाला आणि डबा भाजीच्या कप्प्यात ठेवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अन्नाला लागू नये असं एफएसएसएआयनेही (देशातली अन्नसुरक्षा पाहणारी सरकारी संस्था) सांगितलंय. कापड दमट लागलं की बदला, एवढं केलं तर तीन-चार आठवडे आरामात जातात. अर्धा वापरलेला तुकडा असेल तर कापलेली बाजू थोडा वेळ उघडी ठेवून सुकू द्या मगच गुंडाळा, पुढच्या वेळी वरची पातळ चकती काढून टाकायची की आत ताजं मिळतं.

फ्रीज नसेल तर कुंडीत किंचित ओलसर वाळू घेऊन त्यात पुरून सावलीत ठेवा. शेतकरी पुढच्या लागवडीचं बेणं सावलीतल्या खड्ड्यात ठेवतात ते याच कारणासाठी, सुकत नाही आणि उन्हाचा तडाखाही लागत नाही. वाळू चिखलासारखी मात्र नको.

जास्तच आणलं असेल तर फ्रीझर, मला हाच प्रकार सगळ्यात आवडतो. धुऊन, पूर्ण पुसून अख्खे तुकडे झिपच्या पिशवीत ठेवा आणि चहाला लागेल तेव्हा गोठलेलंच किसणीवर किसा, बर्फासारखा भुरभुरीत कीस पडतो, धागे अडकत नाहीत. फक्त बाहेर काढून वितळू देऊ नका, वितळलं की ते मऊ पडतं आणि पाणी सोडतं. नाहीतर किसून चमचा-चमचा ताटलीत थापून गोठवा आणि मग डब्यात भरा, भाजीत एक गोळी टाकली की काम झालं. पाच-सहा महिने सहज टिकतं.

आलं-लसणाची पेस्ट करताना पाणी घालू नका, थोडं तेल आणि मीठ घाला, कोरडा चमचा वापरा आणि ती फ्रीजमध्येच ठेवा. तेलातला लसूण बाहेर ठेवला तर त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, वास-रंग काहीच न बदलता, म्हणून यात हयगय नको. तीन-चार दिवसांत संपेल एवढीच करा, उरलेली गोठवा. पेस्ट हिरवट झाली तर घाबरू नका, लसणामुळे होतं ते, खायला चालते.

कोंब फुटलेलं आलंही वापरता येतं, उन्हाळा असेल तर एक डोळा असलेला तुकडा सरळ कुंडीत लावा. कापल्यावर आत निळसर कडं दिसलं तरी हरकत नाही, काही जातींत ते असतंच. पण बोटाने दाबल्यावर आत जात असेल, आंबूस वास येत असेल किंवा बुरशी धरली असेल तर तेवढा भाग कापून बाकीचं वापरू नका, तो अख्खा तुकडा टाका आणि ज्या कापडात तो होता ते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.