कंपनीचा मालट्रक हाती घेताना

कंपनीचा ट्रक एकाने दुरुस्त केलेला असतो, काल दुसऱ्याने चालवलेला असतो आणि त्यात माल तिसऱ्याने भरलेला असतो. फाटकाबाहेर पडला की मात्र सगळं तुमच्या नावावर. तिघांपैकी कुणी कामचुकार असेलच असं नाही, पण कुणाचं काम कुठे राहिलंय हे निघण्याआधी शोधायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाटेत तेच शोधायला अख्खा दिवस जातो, आणि ते दिवसावर निभावलं तर नशीब.

चाकांपासून सुरुवात

इंजिन थंड असताना तेल, कूलंट आणि पट्टे बघून घ्या. ते सगळेच बघतात. खरा वेळ चाकांना द्या.

टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखण्याची सवय जुनी आहे आणि फसवी आहे. टायर अगदी बसलेला असेल तर आवाजात कळतं. पाव हवा गेलेली असेल तर कळत नाही. गेज लावा, तोही टायर थंड असताना. तापल्यावर दाब वाढतो आणि कमी हवेचा टायरही ठीक दिसतो. म्हणूनच गरम टायरमधली ‘जास्तीची’ हवा सोडायची नसते. ठरलेल्या दाबापेक्षा हवा २० टक्क्यांनी कमी असेल तर तो टायर पंक्चर समजा. जोडचाकांत हे जास्त महाग पडतं: आतल्या टायरची हवा गेली की बाहेरचा दोघांचं वजन उचलतो, तापतो आणि शे-दोनशे किलोमीटरवर फुटतो. फुटतो बाहेरचा, दोष असतो आतल्याचा. जोडचाकांच्या मधे अडकलेला दगडही काढा.

नटांपासून रिमवर तांबूस ओघळ आले असतील तर नट ढिला आहे. चाकाच्या आतल्या बाजूला तेल उडालेलं दिसलं तर हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, सील गेलं. ते तेल लायनरवर (ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरावर) पोचलं की त्या चाकाला ब्रेक नाही. चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. नवी बैठक घेताना ते सैल पडतातच, कसणाऱ्याने कितीही जोर लावलेला असो.

हवेचे ब्रेक: ही तपासणी टाळू नका

सपाट जागा, चाकांना ओट (चाक अडवणारे ठोकळे). इंजिन चालू ठेवून हवा भरू द्या. साधारण १२० ते १३५ पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) दरम्यान कॉम्प्रेसर भरणं थांबवतो आणि हवेतलं पाणी काढणारा ड्रायर ‘फुस्स’ करतो. मग इंजिन बंद, चावी चालू, हँडब्रेक सोडा. पॅडल पूर्ण दाबा आणि घड्याळ लावून एक मिनिट धरा. सुट्या ट्रकला ३ आणि ट्रेलर जोडलेल्याला ४ पीएसआयपेक्षा जास्त हवा उतरली तर गळती आहे. कान लावा, नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचं पाणी टाका.

आता पॅडल पुन्हा पुन्हा दाबून हवा मुद्दाम संपवा. काटा ६० पीएसआयच्या आसपास येईपर्यंत इशारादिवा आणि भोंगा लागलाच पाहिजे. आणखी उतरवत न्या. २० ते ४५ च्या दरम्यान हँडब्रेकची कळ आपोआप बाहेर उडते. उडाली नाही तर ट्रक हलवायचा नाही. मागच्या चाकांच्या ब्रेक-चेंबरमध्ये (हवेवर ब्रेक चालवणाऱ्या डब्यात) जाड स्प्रिंग असते आणि हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. तो शेवटचा आधार चालतोय की नाही, हे उभ्या गाडीतच कळतं. (ती स्प्रिंग भयंकर ताणात असते. स्प्रिंगचा चेंबर रस्त्यावर कधीही खोलू नका.)

पुशरॉडची, म्हणजे चेंबरमधून बाहेर येऊन ब्रेक लावणाऱ्या दांड्याची, चाल बघायची असेल तर ब्रेक सुटलेले ठेवून, ओट तसेच असताना, त्या दांड्याला जोडलेली तरफ म्हणजे स्लॅक अ‍ॅडजस्टर हाताने जोर लावून ओढा. सांध्याशी एक इंचापेक्षा, म्हणजे २५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर गॅरेजला सांगा. अ‍ॅडजस्टर ऑटोमॅटिक असेल तर पान्याने स्वतः फिरवून मोकळे होऊ नका. तो आपोआप जुळत नाहीये याचा अर्थ आत काहीतरी बिघडलंय. तुम्ही फिरवलं की बिघाड दोन दिवस झाकला जातो आणि पुढच्या ड्रायव्हरच्या गळ्यात पडतो.

हवेच्या टाक्यांचं पाणी रोज सोडा. पाण्याबरोबर तेलही येत असेल तर कॉम्प्रेसर तेल टाकतोय.

ट्रेलर जोडणं

जोडण्याआधी ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लावलेला आहे हे डोळ्यांनी बघा. तांबड्या नळीतून हवा गेली की ट्रेलरचे आपसूक लागलेले ब्रेक सुटतात. पार्किंग ब्रेक नसेल तर उतारावरचा ट्रेलर ट्रॅक्टरला (पुढच्या ओढणाऱ्या गाडीला) ढकलत निघतो, आणि नळी जोडणारा माणूस नेमका दोघांच्या मधे उभा असतो.

ट्रेलरची उंची अशी ठेवा की फिफ्थ व्हील (ट्रॅक्टरवरची, ट्रेलर पेलणारी प्लेट) खाली शिरताना ट्रेलर किंचित उचलला जाईल. ट्रेलर फार उंच राहिला तर किंगपिन (ट्रेलरखालचा खुंटा) फिफ्थ व्हीलच्या जबड्यात न बसता त्याच्या वरून जातो. ‘खट्’ आवाज आला म्हणजे जोडलं असं धरू नका. ट्रेलरचा ब्रेक लावलेला ठेवून खालच्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढून बघा, दोनदा. मग टॉर्च घेऊन खाली वाका. दोन्ही प्लेटांमध्ये फट दिसता कामा नये आणि जबडा किंगपिनच्या मागून पूर्ण मिटलेला दिसला पाहिजे. ट्रेलरचे पाय उचलायचे ते यानंतर.

माल कुणीही बांधो, पट्टे तुम्ही मोजा

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. ‘पट्टा अडीच टनाचा आहे, माल दोन टनाचा आहे, एक पट्टा पुरे’ हे वाक्य माल भरायच्या प्रत्येक जागी ऐकू येतं.

पट्ट्याच्या लेबलवर दोन आकडे असतात. एलसी २५०० डेकान्यूटन, म्हणजे सरळ ओढीत पट्टा साधारण अडीच हजार किलोचा ताण सोसतो. दुसरा आकडा एसटीएफ, बहुतेक वेळा ३०० ते ५०० च्या घरात. रॅचेट (पट्टा कसायचा खटका) हाताने कसल्यावर पट्ट्यात प्रत्यक्ष येणारा ताण तेवढाच. मालावरून आडवा टाकलेला पट्टा माल धरून ठेवत नाही, तो माल खाली दाबतो. माल जागेवर राहतो तो घर्षणाने. म्हणजे हिशोबात दुसरा आकडा येतो.

मालबांधणीत जोरदार ब्रेकसाठी मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे, आणि वळणासाठी ०.५ पट जोर बाजूला धरतात. समजा २००० किलोची लाकडी पेटी, लाकडी फळी, घर्षण वजनाच्या ०.३ पट. पुढे ढकलणारा जोर १६०० किलो. पेटीच्या स्वतःच्या वजनाने घर्षण मिळतं ६००. उरले १०००. एसटीएफ ३५० चा एक पट्टा दोन्ही बाजूंनी मिळून ७०० किलोने दाबतो, म्हणजे घर्षणात भर २१० ची. अडीच टनाचा पट्टा, आणि भर दोनशे दहाची! हजाराला पाच पट्टे लागतात आणि सुरक्षिततेची मोकळीक धरली तर सहा.

आता त्याच पेटीखाली रबरी मॅट घाला. घर्षण ०.६ झालं. वजनाचंच १२०० मिळतं, उरतात ४००, आणि एक पट्टा ४२० देतो. मोकळीक धरून दोन पट्ट्यांत काम होतं. मॅटचे चार तुकडे केबिनमध्ये कायम ठेवा. पेटी पुढच्या भिंतीला भक्कम टेकवता आली तर गरज आणखी कमी होते, फक्त ती भिंत तेवढा जोर सोसणारी हवी. पेटी आणि भिंत यांच्यात हातभर जागा सोडली तर मात्र पेटी धाव घेऊन आदळते.

हा हिशोब पट्टा मालाच्या कडेवरून जवळपास सरळ खाली येत असेल तेव्हाचा. माल बुटका आणि पसरट असेल, पट्टा जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर दाब निम्मा होतो. तसंच:

- पट्ट्याला गाठ मारली की ताकद निम्म्यावर येते असंच समजा. लेबल गेलेला किंवा कडा कापलेला पट्टा वापरायचा नाही.
- रॅचेटच्या दांड्याला किमान दोन वेढे हवेत. तीनपेक्षा जास्त झाले तर गठ्ठा होऊन रॅचेट अडकतो.
- धारदार कडेवर कोपरा-संरक्षक लावा. तो पट्टा वाचवतोच, शिवाय ताण पलीकडच्या बाजूलाही पोचवतो.

पहिल्या ५० ते ८० किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा कसा. माल हादऱ्यांनी बसतो, गोण्या दबतात, सकाळी तंतुवाद्यासारखा वाजणारा पट्टा बोटाने उचलला जातो. मग दर तीन तासांनी एकदा.

वजनकाट्यावर एकूण वजन बरोबर आलं तरी एकेका एक्सलचं चुकलेलं असू शकतं. सगळा भार मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर स्टेअरिंग वळतं पण ट्रक वळत नाही. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: मागच्या चाकांच्याही मागे असलेला माल पहिल्या थांब्यावर उतरला की पुढचा एक्सल आणखी दबतो. एकूण वजन कमी झालेलं असतानाही तो मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

घाट उतरताना

४० टनांचा ट्रक ५०० मीटर उंचीवरून उतरतो तेव्हा जवळपास २० कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. पावणेसहाशे लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला एवढीच लागते. ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रमांत ओतायची की इंजिनात, हे घाटाच्या माथ्यावर ठरतं. निम्म्यात ठरवायला गेलात तर उशीर झालेला असतो, कारण वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि न्यूट्रलमध्ये अडकायला होतं.

माथ्यावरच गिअर उतरवा आणि एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (दोन्ही पॅडलशिवाय वेग रोखतात) लावा. इंजिनाचे फेरे लाल पट्ट्याच्या खाली पण त्याच्या जवळ ठेवा. इंजिन-ब्रेक तिथेच जोर देतो. ठरवलेला वेग गाठला की पॅडल नीट जाणवेल इतकं दाबा, वेग ८ किलोमीटरने उतरवा आणि पूर्ण सोडा. पुन्हा चढला की पुन्हा तसंच. पाय सतत हलका ठेवून उतरलात तर ड्रमला थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो, पुशरॉडला जास्त चालावं लागतं आणि चाल संपली की पॅडल दाबूनही काही होत नाही. वास आला किंवा धूर दिसला तर खेचत नेऊ नका, थांबा. थांबल्यावर हँडब्रेकवर विसंबू नका, ओट लावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.

रिकामा ट्रक आणि ओला रस्ता असेल तर रिटार्डर बंद ठेवा. तो फक्त ओढणाऱ्या चाकांना धरतो. ती घसरली की ट्रेलर मागून येऊन बाजूला उभा राहतो.

खाली पोचल्यावर थांबून हाताची मागची बाजू प्रत्येक हबच्या जवळ न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. एकच थंड असेल तर तिथे ब्रेक लागतच नाही, आणि त्याचं काम बाकीच्यांनी केलंय.

अंतर, उंची, झोप

पुढच्या गाडीपासूनचं अंतर सेकंदांत मोजा: गाडीच्या लांबीच्या दर ३ मीटरला एक सेकंद, आणि वेग ६५ च्या वर असेल तर एक जास्तीचा. १५ मीटरच्या गाडीला हमरस्त्यावर सहा सेकंद. मधे कुणीतरी घुसेलच. चिडून उपयोग नाही, पुन्हा मागे या.

ट्रकची उंची कागदावर लिहून डोळ्यांसमोर चिकटवा, आणि ट्रेलर बदलला की कागद बदला. भरलेला ट्रक ज्या पुलाखालून गेला त्याखालून तोच ट्रक रिकामा जाईलच असं नाही; रिकामा झाल्यावर सस्पेन्शन उचलतं.

ट्रेलर मागे घेताना हात स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. हात ज्या बाजूला न्याल, ट्रेलरची शेपूट त्याच बाजूला जाते. शंका आली की उतरून बघा, दहा वेळा उतरावं लागलं तरी.

पहाटे २ ते ५ आणि दुपारी २ ते ४ या वेळांत झोप शरीरातूनच येते. ताशी ९० वर तीन सेकंद डोळा लागला तर ट्रक ७५ मीटर आंधळा गेला. खिडकी उघडणं आणि गाणी लावणं यांनी फक्त जागं असल्यासारखं वाटतं. कॉफी प्यायची तर थांबून प्या आणि लगेच १५-२० मिनिटं पडा. ती चढेपर्यंत डुलकी पूर्ण होते.

कागद

माल तुमच्यासमोर मोजला गेला नसेल तर पावतीवर ‘मोजणी भरणाऱ्याची’ असं लिहूनच सही करा. सीलचा नंबर कागदाशी स्वतः ताडा आणि फोटो काढा. पोचल्यावर सील तुमच्या आणि माल घेणाऱ्याच्या समोरच तुटलं पाहिजे. फाटका खोका, ओली गोणी, कमी नग, जे असेल ते पोचपावतीच्या प्रतीवर तिथेच लिहून घ्या. ‘नंतर फोनवर सांगू’ म्हणणाऱ्याचा फोन नंतर लागत नाही. फाटकात शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळही पावतीवर शिक्क्यासह घ्या. खोळंब्याचे पैसे कंपनीला मिळतात ते याच दोन वेळांवरून, आणि तुमचे त्यातून.

ट्रक परत देताना बिघाड तोंडी सांगू नका. कुठलं चाक, कुठली बाजू, किती वेगाला आवाज येतो, गरम असताना की थंड असताना, हे बिघाडवहीत तारीख-वेळेसह लिहा आणि पानाचा फोटो स्वतःकडे ठेवा. ‘ब्रेक बरोबर नाही’ एवढंच लिहिलं तर मेकॅनिक अंगणात एक चक्कर मारून ‘ठीक आहे’ लिहितो. ‘घाटानंतर मागचं डावं चाक थंड’ असं लिहिलं तर त्याला ते चाक उघडावंच लागतं.